व्हिनेगरशेजारची परदेशी बाटली

कल्याण पूर्वेत डिटेक्टिव्ह एकच आहे आणि ती मी. नाव जाईबाई बाबुराव शेजवळ. शिक्षण चौथी. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती, आणि मला लागणार होतं तेवढं सगळं तोवर मला येऊन गेलं होतं. पोलिसांकडे कुत्रे असतात, कॅमेरे असतात, गाड्या असतात. माझ्याकडे नाक आहे, दुसऱ्या मजल्याची खिडकी आहे आणि असिस्टंट म्हणून बाबुराव आहेत. बाबुराव म्हणजे आमचे हे. वागळे इस्टेटच्या कारखान्यात यांचं आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. रिटायर झाल्यावर बोलायला सुरुवात करेन म्हणत होते. पण माझ्या हाताखाली काम लागल्यामुळे ती वेळ काही आली नाही.

माझ्या नावावर पुष्कळ केसेस आहेत. तिसऱ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी हरवली ती मी शोधली. चोरीला गेली नव्हती, सिंकखाली पडलेली होती, पण सिंकखाली वाका असं सांगायला डोकं लागतं. गच्चीवरचे सांडगे कोण खातं तेही मी शोधलं आणि आरोपीला, म्हणजे कावळ्याला, तारेवरच्या सगळ्या कावळ्यांतून बोट दाखवून ओळखला. त्याने कबुली दिली नाही, पण तो उडून गेला. निर्दोष असता तर बसून राहिला असता.

आता जी केस सांगते आहे ती घरातली आहे. आमच्या नीलपुष्प सोसायटीच्या खाली मोठा गाळा आहे. गाळा सोसायटीचा, आणि त्यात दुकान आमच्या रत्नदीपचं. रत्नदीप माझा मुलगा. चांगली नोकरी सोडून त्याने हे सुपरमार्केट टाकलं, बाबुरावांचा फंड त्यात गेला, सूनबाई रचनाचा हार त्यात गेला. सूनबाई ठाण्याला लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि घरी आल्यावर माझं आटवते, असं मी तिच्या तोंडावर म्हणते, आणि ती हसते. तर गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं होतं. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मीटिंगने हो म्हटलं तर दुकान राहणार, नाही म्हटलं तर शटर.

आणि त्याच आठवड्यात दुकानात वाईनची बाटली सापडली.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. मागे सरकारने काढलं होतं की मोठ्या किराणा दुकानात वाईन ठेवता येईल. दुकान हजार फुटांच्या वर हवं, वाईनला वेगळं कपाट हवं, शाळा-देऊळ जवळ नको. नाशिकच्या द्राक्षवाल्यांचं भलं होईल म्हणे. मग त्यावर एवढा गोंधळ झाला की ते तिथेच अडकून पडलं. पण तेवढ्या अवधीत आमच्या रत्नदीपने टेप काढून दुकान मोजलं. हजार काही भरेना. त्याने बाहेरची पायरी धरली. मग शटर जिथे गुंडाळतात ती जागा धरली. मी खिडकीतून बघत होते. खाली जाऊन विचारलं, काय मोजतोस. म्हणाला, लाद्या बदलायच्या आहेत. शटरला लाद्या लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्याच्या हातातून टेप घेतली आणि ती माझ्या ट्रंकेत गेली. आमच्या घरात पंचशील नुसतं भिंतीवर टांगलेलं नाही, पाचवं, दारूला न शिवण्याचं शील तर अजिबातच नाही. वाईन म्हणजे दारू नव्हे असं तेव्हा टीव्हीवर एक जण समजावून सांगत होता. मी त्याला विचारलं, मग पोरांच्या डब्यात देतोस का. त्याने उत्तर दिलं नाही.

विषय घरात संपला. पण रत्नदीपला मोजताना सगळ्या सोसायटीने बघितलेलं.

सगळ्यांत जास्त बघितलं ते चेअरमन हरिहर सबनीसांनी. हे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, स्वच्छ पांढरा लेंगा-झब्बा, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर येतो. मुलगा सौमित्र फ्रान्सला असतो, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगतात. बायको उत्तराबाई मात्र साधी, हसरी. सबनीसांनी त्या वेळी जिन्यात पत्रक लावलं होतं की या वास्तूत मद्याचा थेंब येणार नाही. वास्तू म्हणजे आमची बिल्डिंग. गळते.

तर सबनीस गुरुवारी सकाळी पोहे न्यायला दुकानात गेले. व्हिनेगरची बाटली बघितली, तिच्या पलीकडे सोया सॉसची बघितली, आणि दोन्हींच्या मध्ये उंच, हिरवी, परदेशी बाटली उभी असलेली बघितली. पोहे तिथेच ठेवले. फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की सदर बाटली ही फ्रेंच वाईनची असून अमुक प्रांतातली, अमुक सालातली आणि अमुक द्राक्षाची आहे, अशी वाईन किंचित थंड करून घेतात, आणि आपल्या संस्कृतीत तिला स्थान नाही. मग बाटली जप्त केली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारून लाखेचं सील केलं आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली. निर्णय रविवारी, म्हणाले. पण तोंडावर निर्णय दिसत होता.

रत्नदीप त्या वेळी कल्याणच्या घाऊक बाजारात माल आणायला गेलेला. गल्ल्यावर सकाळपासून बाबुराव होते. रत्नदीप आला आणि शपथेवर सांगू लागला की बाटली आपण आणलेली नाही, कुठून आली माहीत नाही. मी त्याला म्हटलं, शपथ कोर्टात घे, माझ्यासमोर नुसतं खरं बोल. त्याने माझ्याकडे बघितलं. खरं बोलत होता. माझा मुलगा खोटं बोलतो तेव्हा त्याला लाद्या आठवतात.

मी केस हातात घेतली.

आधी घटनास्थळ. मी चष्मा लावला, बाबुरावांना बॅटरी धरायला सांगितलं आणि फळीजवळ नाक नेलं. फळीवर गोल डाग होता. बाटलीच्या बुडाएवढा. बोट फिरवलं, तेलकट लागलं. म्हणजे गुन्हेगाराच्या हाताला तेल होतं. जवळच लाल लोकरीचा एक धागा सापडला. म्हणजे गुन्हेगार स्वेटर घालतो. आमच्या कल्याणात, या उकाड्यात, लाल स्वेटर. माणूस एकतर आजारी असणार नाहीतर बाहेरून आलेला.

बाबुराव म्हणाले, 'जाई, तो धागा आहे ना...'

मी म्हटलं, बॅटरी सरळ धरा आणि मध्ये बोलू नका.

तेवढ्यात माझं लक्ष गल्ल्याकडे गेलं. तिथे यांच्या चहाच्या थर्मासला लाल डगला घातलेला होता. क्रोशाचा, जाळीच्या विणीचा, माझ्याच हातचा. आता हे सांगायला हवं की मी आमच्या घरातल्या बहुतेक वस्तूंना डगले घालते. पाण्याच्या बाटल्यांना आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे. वस्तू उघडी-नागडी बघायला मला आवडत नाही. पण माझा नियम असा की डगला ज्या वस्तूचा त्या वस्तूला, आणि घराबाहेर न्यायचा नाही. मी यांना जागच्या जागी झापलं. कुठल्या बाटलीचा काढून आणलात, ती बिचारी घरी उघडी पडली असेल, असं बरंच बोलले. ते म्हणत होते, अगं तेच तर. पण एका वेळी दोन केसेस मी घेत नाही.

तेलकट डागावरून मी सरळ गोविंदाकडे पोहोचले. गोविंदा म्हणजे रस्त्यापलीकडचा छोटा वाणी. डोक्याला एवढं तेल लावतो की त्याची टोपी भिंतीला टेकली तर भिंत डागाळते. रत्नदीपचं दुकान बंद पडलं तर फायदा कुणाचा. गोविंदाचा. हेतू मिळाला, तेल मिळालं, फक्त स्वेटर राहिला होता. मी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले आणि काही न बोलता त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. ही माझी पद्धत आहे. अर्धे लोक यातच फुटतात.

गोविंदा फुटला नाही. म्हणाला, मावशी, तुमच्या रत्नदीपचं दुकान आहे म्हणून लोक अजून खाली उतरून सामान घेतात. ते बंद झालं की सगळे फोनवरून मागवणार, मग मीही बसलो. आणि बुधवार-गुरुवार आपण गावातच नव्हतो, विठ्ठलवाडीला मेहुणीच्या बाळाचं बारसं होतं. पुरावा म्हणून त्याने मला घुगऱ्यांची पुडी दिली. पुरावा मी तिथेच तपासला. मीठ कमी होतं, पण बारशाचाच होता. गोविंदा सुटला.

दुसरा संशयित पाचव्या मजल्यावरचा साकेत. एकटा राहतो, घोडबंदर रोडला कुठल्याशा कंपनीत जातो, आणि रोज सकाळी उतरताना त्याची बॅग वाजते. काचेवर काच आपटल्यासारखी. इतके दिवस मी ते मनात ठेवलं होतं. शुक्रवारी मी बाबुरावांना लिफ्टच्या दारात उभं केलं, लिफ्ट अडवून धरा म्हणून सांगितलं, आणि साकेत उतरला तशी म्हटलं, बॅग उघड. पोरगा चांगला आहे, उघडली. आत काचेचे डबे होते. एकात काकडी, एकात मोड आलेले मूग, एकात नुसतीच पानं. डाएट करतो म्हणाला. एवढ्या पगाराचा माणूस पानं खाऊन दिवस काढतो हे बघून मला दारूपेक्षा वाईट वाटलं. संध्याकाळी मी त्याला बोंबलाचं कालवण आणि भाकरी पाठवली.

पण साकेत कामाला आला. ग्रुपवरचा फोटो मोठा करून म्हणाला, काकू, ही बाटली इकडच्या कुठल्या दुकानात मिळत नाही. ही एअरपोर्टच्या दुकानातली आहे, बाहेरून येताना लोक आणतात.

इथे केसने वळण घेतलं. एअरपोर्ट म्हणजे टोळी. आणि टोळी म्हणजे आंतरराष्ट्रीय. मी गच्चीवर जाऊन विचार केला आणि मला सगळं दिसलं. नाशिकची वाईन किराणा दुकानात आली असती तर ती स्वस्त पडली असती, परदेशी वाईन कुणी विचारली नसती. म्हणून फ्रान्सच्या लोकांनी डाव टाकला. किराणा दुकानात गुपचूप एक बाटली ठेवायची, बोंब मारायची, आणि नाशिकच्या वाईनचा रस्ता कायमचा बंद करायचा. त्यासाठी त्यांनी सगळ्या देशातून कल्याण पूर्व निवडलं. थंड देशाचा माणूस, म्हणून स्वेटर. तेलाचं मात्र बसत नव्हतं, पण विमानात तळलेलं देत असतील.

हे मी रत्नदीपला सांगायला खाली गेले. दुपारची वेळ होती, शटर अर्धं ओढलेलं. तो आत एकटाच डाळीचे पुडे सरळ करत होता. पुडे सरळच होते. गुरुवारपासून सोसायटीतलं कुणी दुकानात फिरकलं नव्हतं. एरवी उधारीवर साखर नेणाऱ्या बायकासुद्धा नजर चुकवून समोरून जात होत्या. मी फ्रान्सचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

'आई,' तो म्हणाला, 'जुन्या साहेबांना फोन केला होता. परत घेतील म्हणाले. कमी हुद्द्यावर.'

मग पुन्हा पुडे सरळ करायला लागला. मी त्याला सांगणार होते की काळजी करू नकोस, केस माझ्या हातात आहे. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते म्हणवलं नाही. बाबुराव दाराशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना खूण केली, आता नको.

शनिवारी संध्याकाळी रचना लॅबमधून आली. घोडबंदरचा ट्रॅफिक तोंडावर घेऊनच येते ती, तरी ओढणी खोचून सरळ ओट्याशी गेली. वांगी धुतली, कढई ठेवली, आणि तेलाचा डबा हलवून बघितला. रिकामा.

मला म्हणाली, आई, घाण्याचं तेल आणायचं होतं ना. मी म्हटलं, मी सांगितलं होतं यांना. दुकानात रत्नदीपने लाकडी घाण्याच्या तेलाची टाकी ठेवलेली आहे, लोक घरून आपापली काचेची बाटली आणतात आणि भरून नेतात. प्लॅस्टिकमध्ये त्या तेलाची चव जाते. मी बुधवारी यांच्या हातात बाटली देऊन सांगितलं होतं, लाल डगल्याची मोठी घ्या, आणि शेंगदाण्याचं भरून आणा. मग मी बाबुरावांकडे वळून बघितलं. नेहमीचं ते बघणं.

'भरलं होतं,' बाबुराव म्हणाले. 'सबनीसांनी जप्त केलं.'

रचनाने गॅस बंद केला.

कारखान्यातून सुटल्यापासून हा माणूस इतकं सलग कधी बोलला नव्हता, पण ती विचारत गेल्यावर तो बोलला. डगल्याला तेल लागू नये म्हणून त्यांनी तो काढून ठेवला. बाटली भरली, बूच लावलं. गल्ल्यावर धक्का लागून पडेल म्हणून व्हिनेगरशेजारी मोकळी जागा होती तिथे ठेवली. घरी येताना न्यायची राहिली. डगला रिकामा होता, थर्मासला बसला, घातला. गुरुवारी सकाळी सबनीस आले तेव्हा यांनी सांगायचा प्रयत्न केला होता, पण साहेब फ्रान्सबद्दल बोलत होते. मग मला सांगायचा प्रयत्न केला.

रचना ओट्याला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मात्र हसले नाही. मी म्हटलं, हे मला साधारण अंदाजाने माहीतच होतं, फक्त खात्री करायची होती. ती म्हणाली, हो आई.

'पण आई,' ती म्हणाली, 'आपल्या घरात ही बाटली आली कुठून?'

इथे मला उत्तर माहीत होतं आणि ते देताना मला आनंद झाला. ती बाटली उत्तराबाई सबनीसांनी उन्हाळ्यात कोकमाचं आगळ भरून दिली होती. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. ऊन लागू देऊ नका, आगळ बिघडतं, म्हणाल्या होत्या. मी कागदासकट तिच्यावर डगला विणला. आगळ संपल्यावर बाटली यांनी घासली, कागद काढून टाकला, परत डगला चढवला. आमच्या घरी भांडी हेच घासतात. म्हणजे मी त्या बाटलीला एकदाही डगल्याशिवाय पाहिलेलं नाही, आणि डिटेक्टिव्हने न पाहिलेली वस्तू ओळखावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

मी बोलत गेले आणि बोलता बोलता मलाच दिसायला लागलं. फ्रान्स. सौमित्र. एअरपोर्ट. चिकटपट्टी. मी पदर खोचला आणि चपला शोधायला लागले. रचनाने माझा हात धरला. म्हणाली, आत्ता जाऊन सांगाल तर ते म्हणतील तुम्ही गोष्ट रचली. पिशवीला त्यांनीच सील मारलंय, ते सगळ्यांसमोर त्यांनीच फोडू दे. तेल आहे हे दिसलं की संपलं. आणि उत्तराकाकूंचं नाव काढायचं नाही. त्यांनी आपल्याला आपुलकीने आगळ दिलं. नवऱ्यामुळे बाईला मान खाली घालायला लावायची नाही.

मी तिला विचारलं, डिटेक्टिव्ह कोण आहे या घरात. ती म्हणाली, तुम्हीच. मग मी खोचलेला पदर सोडला. त्या दिवशी वांगी भाजून खाल्ली.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. गाड्या बाहेर काढल्या होत्या तरी पेट्रोलचा वास होता. रत्नदीपला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. तो मागच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होता, शाळेत निकालाला बसतात तसा. सबनीसांनी टेबलावर पिशवी ठेवली आणि वास्तू, संस्कृती आणि कायदा यांवर बोलले. किराणा दुकानाला वाईन विकायची परवानगी आजही नाही, आणि ज्या प्रकारच्या माणसांच्या हाती आपण गाळा दिला त्यांचा विचार आता करावा लागेल, असं म्हणाले. 'ज्या प्रकारच्या' म्हणताना ते आमच्याकडे बघत नव्हते. मी मात्र त्यांच्याकडे बघत होते.

रचना उभी राहिली आणि तिने शांतपणे सांगितलं की बाटली सगळ्यांसमोर उघडून आत काय आहे ते बघावं. सबनीस म्हणाले, गरज नाही, तो पुरावा आहे, पुरावा उघडत नाहीत. दोघं-तिघं म्हणाले, बघायला काय हरकत. सबनीस म्हणाले, लेबल स्वच्छ वाचता येतं, मग आत दुसरं काय असणार. ते काही ऐकेनात, आणि लोक हातातल्या घड्याळाकडे बघायला लागले. रविवारची मीटिंग, घराघरांत मटण शिजत होतं. मत घेऊन टाकू, असं कुणीतरी म्हणालं. रत्नदीपने मान खाली घातली.

मला रचनाने बोलायची मनाई केलेली. पण उत्तराबाईंचं नाव काढायची मनाई केलेली, बाकीची नाही.

'लेबलाचं काय सांगता,' मी म्हटलं. 'बाटली परदेशी असेल, आत नाशिकची भरली असेल. तुम्हाला थोडंच कळणार आहे.'

सबनीस थांबले. म्हणाले, नाशिकची आणि ही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कुणालाही कळेल. मी म्हटलं, मला नाही कळणार. गोविंदाला नाही कळणार. तुम्हालाही कळणार नाही, तुम्ही तर कधी घेतलेलीच नाही. ते म्हणाले, वाचनातून कळतं. मी म्हटलं, वाचून तर मला स्वयंपाकसुद्धा आला नव्हता.

माणसाला चोर म्हटलेलं चालतं, अडाणी म्हटलेलं चालत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लाख फोडली.

साकेतने वरून काचेचा एक पेला आणून दिला. सबनीसांनी बूच काढलं आणि थोडीशी पेल्यात ओतली. पिवळसर, चकाकणारी. त्यांनी पेला उजेडात धरला आणि गोल गोल फिरवला. कडेने जाड धागे खाली उतरत आले.

ते पुटपुटले, 'बघा. हे धागे बघा कसे सावकाश उतरतात. ही उत्तम प्रतीची खूण. नाशिकच्या वाईनला असे धागे येत नाहीत.'

लोक पुढे सरकून धागे बघायला लागले. सबनीसांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. म्हणाले, भाजलेल्या दाण्यांचा गंध आहे, जुन्या आणि नीट मुरलेल्या वाईनलाच हा येतो. सगळी सोसायटी ऐकत होती. रचना पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. बाबुराव उठून उभे राहिले, कारण ते दयाळू आहेत, आणि म्हणाले, 'साहेब, ते जरा...'

'मध्ये बोलू नका,' सबनीस म्हणाले.

आणि त्यांनी घोट घेतला.

सबनीसांच्या तोंडात घोट होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. पण माणूस संस्कारी, थुंकला नाही. गिळला. गिळायला वेळ लागला. ओठ चमकायला लागले.

मी विचारलं, 'साहेब, देशी की परदेशी?'

त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, ओठ पुसले, घडी परत घातली.

'शेंगदाण्याचं आहे,' ते म्हणाले.

हसणं मागच्या रांगेपासून सुरू झालं आणि पुढे येत गेलं. रत्नदीप हसत नव्हता. त्याला अजून कळलं नव्हतं की काय झालं. तो नुसता आमच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे. पण सबनीस हार मानणारे नाहीत. हसणं ओसरल्यावर म्हणाले, ठीक आहे, तेल तर तेल, परंतु वाईनची बाटली यांच्या घरात आली याचा अर्थ यांच्या घरात वाईन आली. प्रश्न प्रवृत्तीचा आहे.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. फ्रान्स, सौमित्र, चिकटपट्टी, सगळं. मी रचनाकडे बघितलं. तिने मान हलवली. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसले आहे. त्यातली ती एक वेळ. दात दुखले माझे.

तेव्हा पहिल्या रांगेतून उत्तराबाई उठल्या. हातात पर्स, साडीचा पदर नीट खांद्यावर.

'बाटली आपली आहे,' त्या नवऱ्याला म्हणाल्या. 'सौमित्रने आणलेली. आत होती ती तुम्ही गेल्या वर्षी गणपतीच्या आधी संपवलीत. मी धुऊन तीत जाईबाईंना आगळ दिलं. आता त्या पोराच्या दुकानाचा ठराव करा आणि घरी चला. दुपारचं जेवण राहिलंय.'

आणि खाली बसल्या.

ठराव सबनीसांनीच मांडला. कदाचित घसा तेलकट असल्यामुळे, पण इतकं थोडक्यात बोलताना त्यांना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट पुढे चालू. सगळे हात वर. रत्नदीप उठला, टेबलाजवळ गेला, बाटली उचलली आणि बूच लावून बापाच्या हातात दिली. म्हणाला, बाबा, घरी न्यायची राहिलेली. बाबुराव मान हलवून म्हणाले, हो रे. त्या दिवशी आमच्याकडे वांग्याला तेल होतं, आणि रत्नदीपने जुन्या साहेबांना फोन करून नको म्हणून सांगितलं.

केस मी सोडवली असं सोसायटीत सगळे म्हणतात. मी कुणाला खोडून काढत नाही. रचना म्हणाली, आई, तुम्ही नाशिकचं नाव काढलं नसतं तर बाटली उघडलीच नसती. सूनबाई खरं बोलते. रक्त तपासून तपासून तिला माणसं कळतात.

आठवडाभराने उत्तराबाई आल्या. चहा घेतला, आगळाची कृती परत सांगितली, आणि जाता जाता मोठी कापडी पिशवी माझ्यापुढे सरकवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. म्हणाल्या, यांना डगले करून द्याल का, घरात बऱ्या दिसत नाहीत. मी कागद सोडवला. बऱ्याच होत्या. उंच, लांब मानेच्या, परदेशी. आणि त्यांच्यामध्ये लेबलावर द्राक्षांचे घड छापलेल्या, नाशिकच्याही पुष्कळ.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, नाशिकची त्यांना नुसती जेवणाबरोबर लागते.

मी ट्रंक उघडून टेप काढली आणि मापं घ्यायला बसले. परदेशी बाटलीला लोकर जास्त लागते, मान उगाच लांब. नाशिकच्या सगळ्या एका मापाच्या, सरळ, त्यांना एकच वीण पुरते. मी एकेक बाटली मांडीत घेऊन टेप फिरवत होते, बाबुराव आकडे लक्षात ठेवत होते, तेवढ्यात रत्नदीप जेवायला वर आला. दारातच थांबला. माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं, मांडीतल्या बाटलीकडे बघितलं, मग टेपकडे.

'आई,' तो म्हणाला, 'काय मोजतेस?'

'लाद्या बदलायच्या आहेत,' मी म्हटलं.